रिमोटचा दिवा आणि मोबाइलचं अ‍ॅप: मेळ घालायला किती खर्च?

रिमोटचा दिवा घरात आहे. आता तो मोबाइलवरूनही चालावा म्हणून तुम्ही उपकरण घेतलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी पलंगावरून रिमोटने दिवा बंद करतं आणि अ‍ॅप मात्र ‘चालू’च दाखवत राहतं. उपकरण बिघडलेलं नसतं. रिमोट दिव्याला हुकूम देतो, दिवा उलट उत्तर देत नाही, त्यामुळे अ‍ॅपला काही कळत नाही. म्हणून पैसे काढण्याआधी तीन गोष्टी तपासा. तिन्ही फुकट आहेत.

एक, रिमोट कोणता ते बघा. मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर रिमोट इन्फ्रारेड आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. ठिपका नाही, पण बंद दाराआडूनही दिवा लागतो, तर रिमोट रेडिओचा आहे. अ‍ॅपचा हुकूम इन्फ्रारेड रिमोटसारखा दिव्याला पोहोचवणारा साधा आयआर ब्लास्टर अशा दिव्याला चालत नाही. ‘सगळ्याला चालतो’ असं दुकानदार म्हणाला तर तसं बिलावर लिहून मागा.

दोन, दिवा रिमोटने बंद करा. मग बोर्डाचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. दिवा लागला तर बोर्डाची बटणं अ‍ॅपवरून चालवणारं स्मार्ट मॉड्यूल बोर्डामागे बसवून काम भागेल. लागला नाही तर मॉड्यूल घेऊ नका. त्या दिव्याला स्वतःची जुनी स्थिती आठवते, अ‍ॅपने वीज दिली तरी तो विझलेलाच राहील.

तीन, घरात वायफाय आहे का? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्मार्ट दिवे चालवण्याच्या भानगडीत पडू नका. फोन बाजारात गेला की दिवे मुके. ही उपकरणं बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवरच चालतात, हेही नेट बसवणाऱ्याला आधी सांगा.

आता खर्च. ब्रँड आणि सवलतीप्रमाणे किमती खालीवर होतात. हे ढोबळ आकडे आहेत. आयआर ब्लास्टर ८०० ते १,५०० रुपये, जोडणीला अर्धा तास. तो भिंतीपलीकडे चालत नाही, म्हणजे खोलीमागे एक. ६०० रुपयांच्या एकाच दिव्यासाठी तो घेणं तोट्याचं. त्याच खोलीत एसी, टीव्ही आणि रिमोटचा पंखा असेल तरच परवडतो. चार बटणांचं स्मार्ट मॉड्यूल १,५०० ते ३,००० रुपये, बोर्डामागे साधारण तासाभराचं काम. वायफायचा बल्ब ५०० ते ८०० रुपये, तो तुम्ही स्वतः बसवाल. एकदोन दिव्यांचाच प्रश्न असेल तर जुना दिवा दुसऱ्या खोलीत लावा आणि इथे हा बल्ब घ्या. तो आपली स्थिती अ‍ॅपला स्वतः कळवतो. मेळ घालण्याचा हाच सर्वांत स्वस्त मार्ग. एकच अट: त्याचं भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवायचं.

मॉड्यूल घेणार असाल तर बोर्डात न्यूट्रल वायर आहे का ते वायरमनकडून आधी बघून घ्या. बोर्डावर चालू सॉकेट असेल तर ती बहुधा असते. नसेल तर नवी वायर ओढावी लागते, आणि तिथेच बजेट फुगतं. मजुरी बोर्डामागे ठरवा, फेरीमागे नको. काम परवानाधारक माणसाकडूनच, मेन स्विच बंद करून. रिमोटचा बीएलडीसी पंखा असेल तर त्याच्या आधीचा जुना रेग्युलेटर काढायला लावा.

आता छुपा खर्च. नेटचं मासिक बिल हा त्यातला सर्वांत मोठा. लाइट गेली की राउटरही बंद पडतो. तो इन्व्हर्टरवर नसेल तर छोटा यूपीएस घ्यावा लागेल, साधारण १,००० ते १,५०० रुपये. उपकरणं नुसती जागी राहण्यासाठीही वीज खातात. प्रत्येकी एक वॅट धरला तरी दहा उपकरणांचे महिन्याला सात युनिट होतात.

तुम्ही जालना जिल्ह्यातल्या परतूरचे असाल, तिथल्या दुकानात उपकरण मिळालं नाही आणि ऑनलाइन मागवलं, तर सर्व्हिस सेंटर जालन्यात आहे की छत्रपती संभाजीनगरला, आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हे आधी विचारा. छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. वर जीएसटी मागितला तर देऊ नका.

कागद जपा: मॉडेल क्रमांकासह पक्कं बिल, वॉरंटी कार्ड, खोक्याचा फोटो. एलईडी बल्बवरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे भागलं नाही तर जालन्याचा जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू ऑनलाइन घेतलेली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर तक्रारीचं शुल्क नाही.

बसवल्यावर दोन सेटिंग आठवणीने करा. ‘वीज आल्यावर’ या पर्यायात ‘बंद’ निवडा, नाहीतर रात्री दोनला लाइट आली की सगळं घर उजळेल. ब्लास्टरला कोड शिकवताना चालू आणि बंद यांची वेगळी बटणं असतील तर तीच शिकवा. दोन्ही कामं करणारं एकच बटण शिकवलंत, तर अ‍ॅपमधला ‘बंद’ दाबल्यावर विझलेला दिवा लागायचा.

तरीही ब्लास्टरवरच्या दिव्याला दोन धनी ठेवू नका. अ‍ॅपवर चालवायचा असेल तर रिमोट कपाटात ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रिमोटच सोयीचा असेल, तर तो दिवा अ‍ॅपमधून काढून टाका. त्याला काहीच खर्च नाही.