दोन पायांतील अंतर

प्रस्तावना
कुस्ती असो वा लाठीकाठी, खेळाडू प्रथम पवित्रा घेतो. पाय फार जवळ असले तर तोल जातो आणि फार फाकले तर चपळता हरवते. बर्फावरील स्नोबोर्ड या खेळासही हाच नियम लागू पडतो. या पाठात आपण त्यामागील कारणे समजून घेऊ.

मूलपाठ
१९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपन यांनी दोन स्की एकत्र जोडून आपल्या मुलींसाठी एक खेळणे तयार केले. ‘स्नर्फर’ या नावाने ते विकले गेले. त्यावर पाय मोकळे असत. आधार असे तो पुढच्या टोकाला बांधलेल्या दोरीचा. पुढे फळीवर बूट घट्ट धरून ठेवणारी ‘बाइंडिंग’ आली. १९९८ मध्ये नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्गच्या उतारांवर तो खेळला जातो.

पाय बाइंडिंगमध्ये जखडले की वाटेत पवित्रा बदलता येत नाही. म्हणून तो आधीच विचारपूर्वक ठरवावा लागतो. दोन्ही बाइंडिंगच्या मध्यबिंदूंमधील अंतर म्हणजे पवित्र्याची रुंदी होय. प्रौढांसाठी ती बहुधा ५० ते ६० सेंटिमीटर असते.

रुंदी वाढवली की शरीर खाली येते, आधार विस्तारतो आणि उडीनंतर उतरताना स्थैर्य लाभते. परंतु ती अति झाली तर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेणे जड जाते व गुडघ्यांवर ताण पडतो. रुंदी कमी केली की वळणे सहज घेता येतात. मात्र वेगात किंवा खडबडीत बर्फावर तोल सांभाळणे कठीण होते.

योग्य रुंदी कशी शोधावी? घरातील सपाट जमिनीवर जागच्या जागी हलकी उडी मारा व गुडघे वाकवून उतरा. पाय जेथे स्थिरावतील, ते अंतर मोजा. खांद्यांच्या रुंदीइतके किंवा त्याहून किंचित अधिक अंतर प्रारंभासाठी योग्य ठरते.

आता बाइंडिंगचे स्क्रू काढून ती सरकवा. काही फळ्यांवरील छिद्रांत २ सेंटिमीटर अंतर असते. दोन्ही बाइंडिंग एकेक छिद्र बाहेर नेल्यास एकूण रुंदी ४ सेंटिमीटरने वाढते. एकच सरकवल्यास रुंदी बदलतेच, शिवाय शरीराचा भारही एका टोकाकडे झुकतो. खोल, ताज्या बर्फात मात्र दोन्ही बाइंडिंग सारख्याच मागे घेतात, त्यामुळे फळीचे पुढचे टोक वर राहते. रुंदी तीच राहते.

स्क्रू घट्ट आवळा आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा. सैल स्क्रूमुळे बाइंडिंग निसटून गंभीर इजा होऊ शकते.

लक्षात ठेवा
एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम अनुभवावा. दुसऱ्याचे माप आपल्या गुडघ्यांना मानवेलच असे नाही.

पाठगत प्रश्न
१. पवित्र्याची रुंदी म्हणजे काय?
२. रुंदी ५२ सेंटिमीटर आहे. दोन्ही बाइंडिंग २-२ सेंटिमीटर आत घेतल्यास नवी रुंदी किती होईल? वळण घेताना कोणता फरक जाणवेल?
३. दोन्ही बाइंडिंग सारख्याच मागे घेतल्यास रुंदी का बदलत नाही?