परतीची वाट : ट्रॉलीच्या दिव्यांतील बिघाड

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस असलेले बोगादी हे मूळचे खेडे; आता शहराचा बाह्य वळणरस्ता त्याला लागूनच जातो. अशा जागी शेतावरून येणारी ट्रॅक्टर-ट्रॉली आणि वेगाने धावणारी मोटार यांची गाठ पडते. महाराष्ट्रातील वाचकाला हेच दृश्य गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर दिसते : एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर उसाचा डोंगर आणि मागे पुष्कळदा काळोख. हंगामाच्या प्रारंभी ट्रॉल्यांना परावर्तक लावण्याच्या मोहिमा निघतात, हे योग्यच आहे. परंतु पुढचे वाहन थांबत आहे की वळत आहे, हे परावर्तक सांगू शकत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार हे अंतर सुमारे ७ सेकंदांत कापते. दिवा मंद असला, तर चालकाच्या हाती असलेले हे सेकंदही कमी होतात.

दिवा लागेनासा झाला की सर्वसाधारणपणे प्रथम बल्ब बदलला जातो. एकच दिवा बंद असेल, तर हा उपाय बरोबर आहे. पण अनेक दिवे एकाच वेळी विचित्र वागू लागले, तर दोष बहुधा बल्बात नसून प्रवाहाच्या परतीच्या वाटेत असतो. या वाटेला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. पाठ्यपुस्तकातील ‘भूसंपर्क’ हा प्रतिशब्द येथे वापरणे अनुवादकाला प्रशस्त वाटत नाही, कारण रबरी टायरांवर उभ्या असलेल्या वाहनाचा प्रवाह जमिनीत जातच नाही. तो बॅटरीच्या धन टोकाकडून तारेने दिव्यापर्यंत येतो आणि लोखंडी सांगाड्यातून ऋण टोकाकडे परततो.

ट्रॉलीच्या बाबतीत या सांगाड्याचे दोन तुकडे असतात. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे हुकातील पिन. गंजलेली, ग्रीसने माखलेली आणि प्रत्येक खड्ड्यागणिक हिसकणारी. परतीसाठी स्वतंत्र तार नसेल, तर सर्व दिवे या पिनेच्या भरवशावर असतात. याचा परिणाम आकड्यांतच पाहावा. २१ वॅटचे ब्रेकचे दोन दिवे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर प्रवाह घेतात. पिनेपाशी केवळ १ ओहम रोध निर्माण झाला, तरी दिव्यांच्या वाट्याला सुमारे सव्वानऊ व्होल्टच उरतात. तंतूचा प्रकाश दाबापेक्षा फार झपाट्याने घटत असल्यामुळे तो निम्म्याहूनही कमी होतो.

परतीची वाट पूर्ण तुटली, तर प्रवाह आडवाटेने जातो. उजवीकडे वळण्याचा इशारा द्यावा, तर ट्रॉलीचे ब्रेकचे दिवेही मंद लुकलुकतात. इशाऱ्याच्या तंतूतून सांगाड्यात आलेला प्रवाह ब्रेकच्या तंतूतून उलट शिरतो आणि ब्रेकच्या तारेने ट्रॅक्टरच्या दिव्यांकडे जाऊन तेथून परततो. असे दृश्य दिसले की बल्बांना हात लावू नये. बॅटरीच्या ऋण टोकापासून ट्रॉलीच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडापर्यंत एक सुटी तार धरावी. दिवे ताळ्यावर आले, तर निदान झाले.

तपासणीसाठी व्होल्टमापकापेक्षा दोन तारा जोडलेला साधा २१ वॅटचा बल्ब अधिक विश्वासू. तारेतील तांब्याचा एकच धागा शिल्लक असला, तरी मापक १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब मात्र पुरेसा प्रवाह मागतो आणि दोष उघड करतो. हा बल्ब प्रथम ट्रॅक्टरच्या सॉकेटवर लावून पाहावा. तेथे तो नीट पेटला, तर दोष मागे आहे. सात पिनांच्या सॉकेटसाठी आयएसओ १७२४ या मानकात तिसरी पिन व पांढरी तार परतीसाठी, पिवळी डाव्या इशाऱ्यासाठी, हिरवी उजव्यासाठी आणि तांबडी ब्रेकसाठी नेमली आहे. मात्र जुन्या ट्रॉलीत रंगांवर विसंबू नये. हाताशी असेल ती तार जोडून कुणीतरी वेळ निभावलेली असते.

कायमच्या दुरुस्तीसाठी परतीची जाड, स्वतंत्र तार प्लगमधून ओढावी आणि ती सांगाड्याला रंग खरवडून बोल्टने आवळावी. सांध्यावर व्हॅसलीन लावले, म्हणजे पाणी शिरत नाही. वळताना तार ताणू नये इतका तिला झोल असावा, पण ती रस्त्यावर घासता कामा नये. दुसऱ्या ट्रॉलीसाठी हीच तार पहिलीच्या मागील सॉकेटपर्यंत न्यावी लागते. अन्यथा शेवटच्या दिव्याचा प्रवाह दोन पिनांतून परततो, आणि मागून येणाऱ्याला दिसतो तो नेमका तोच दिवा.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर प्रकार वेगळा. प्लग काढल्यावर फ्यूज टिकला, तर ट्रॉलीतील एखादी तार लोखंडाला टेकलेली आहे. सांगाड्याच्या छिद्रातून ती जेथे आत जाते, तेथील धारदार कड प्रथम पाहावी. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणे हा उपाय नव्हे. मग फ्यूजऐवजी तारेचे आवरण जळते, आणि उसाच्या ट्रॉलीत त्याच्या वरच सुके पाचट असते.