गुऱ्हाळातील रसायनशास्त्र : हरित रसायनाचा एक कोल्हापुरी पाठ

कोल्हापूर जिल्ह्याच्या अर्थजीवनात गुळाचे स्थान मोठे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला पाया घालून दिला. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळास भौगोलिक निर्देशांकही प्राप्त झाला. मात्र हे उत्पादन म्हणजे रसायनशास्त्राची एक जिवंत प्रयोगशाळा आहे, याकडे आपल्या शाळांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हरित रसायनाचे शिक्षण द्यावयाचे, तर त्याचा पहिला पाठ गावाच्या शिवारातील गुऱ्हाळावरच घेता येण्यासारखा आहे.

हरित रसायन म्हणजे काय?

पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हरित रसायनाची बारा तत्त्वे मांडली. त्यांतील पहिले तत्त्व असे की, अपायकारक टाकाऊ पदार्थ निर्माण करून मग त्याची विल्हेवाट लावीत बसण्यापेक्षा तो निर्माणच होऊ नये अशी योजना करावी. कमी विषारी द्रव्ये वापरणे, ऊर्जेची बचत करणे, पुन्हा उगवणाऱ्या साधनांपासून कच्चा माल घेणे आणि अपघाताचा संभव कमी करणे ही त्यांपैकी आणखी काही तत्त्वे होत. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या दुर्घटनेची आठवण ठेवणाऱ्या देशाला या तत्त्वांचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हरित रसायन म्हणजे रसायनांचा त्याग नव्हे. पाणी, साखर, चुना ही सारी रसायनेच होत. 'रसायन म्हणजे विष' एवढेच शिकून जो विद्यार्थी शाळेबाहेर पडतो, तो रसायनशास्त्र शिकलाच नाही असे म्हणावे लागेल. कोणते द्रव्य, कशासाठी, किती प्रमाणात आणि त्याला पर्याय कोणता, हे विचारण्याची सवय म्हणजे हरित रसायन.

काहिलीत काय घडते?

उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणतः पाच ते साडेपाचच्या दरम्यान असतो. आम्ल आणि उष्णता यांच्या योगाने रसातील साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन शर्करांत विघटन होते. त्यांचे प्रमाण वाढले, म्हणजे गुळाला कणी धरत नाही, तो मऊ पडतो आणि पावसाळ्यात पाझरतो. म्हणून गुळव्या रसात चुन्याची निवळी घालून आम्लता कमी करतो. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्याचे शास्त्र मात्र पाठ्यपुस्तकातील आम्ल-आम्लारीच्या प्रकरणात आहे.

दुसरी क्रिया रस निवळण्याची. यासाठी भेंडीचे खोड ठेचून, पाण्यात भिजवून काढलेला चिकट द्रव रसात घालण्याची रीत आहे. या द्रवातील दीर्घ साखळीचे शर्करारेणू रसात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांना एकत्र बांधतात. उष्णतेने साकळलेली प्रथिनेही त्यांच्यासोबत वर येतात आणि हा सारा मळ मळीच्या रूपाने काढून टाकता येतो. पुढे पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत तापला, म्हणजे थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी होते, आणि काहील उतरविली जाते. चुलवाणात जळण म्हणून त्याच उसाचे चिपाड वापरले जाते. रस निवळण्याचे साधन शेतातले आणि जळणही शेतातले. बारा तत्त्वांपैकी काही तरी येथे, त्यांचे नाव ठाऊक नसताना, आचरणात होती असे दिसते.

रंगाचा मोह

अडचण उद्भवली ती बाजारातील आवडीमुळे. पिवळाधमक गूळ म्हणजे उत्तम गूळ, अशी ग्राहकाची समजूत झाली. रंग उजळण्यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे गुऱ्हाळावरच्या भाषेतील हायड्रॉस, वापरण्याची प्रथा पडली. हे द्रव्य रसातील रंगद्रव्यांचे क्षपण करून रंग फिका करते. मळ काढीत नाही. त्याचा अंश गुळात सल्फर डायऑक्साइडच्या रूपाने राहतो. शिवाय असा गूळ हवेच्या संपर्काने काही काळात पुन्हा काळवंडतो. अर्थात, मिळालेला रंग टिकाऊही नसतो.

यात केवळ उत्पादकाला दोष देणे न्यायाचे होणार नाही. हायड्रॉस न वापरता केलेला गूळ तांबूस येतो आणि सौद्यात त्याला कमी भाव पडला, तर तोटा शेतकऱ्यालाच सोसावा लागतो. गेल्या काही दशकांत गुऱ्हाळांची संख्या घटली आहे. अशा स्थितीत जो टिकून आहे, त्याला हा तोटा परवडणारा नाही. म्हणूनच हा प्रश्न जितका गुऱ्हाळाचा, तितकाच ग्राहकाच्या शिक्षणाचा आहे, आणि ते शिक्षण शाळेतून घरी जाऊ शकते.

वर्गातील तीन पायऱ्या

रसायनशास्त्र मुलांना अवघड का वाटते, याचा अभ्यास करताना ग्लासगो येथील अॅलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ मध्ये एक महत्त्वाचे विवेचन केले. या विषयाचे तीन स्तर असतात : डोळ्यांना दिसणारा, रेणूंचा न दिसणारा आणि सूत्रे-समीकरणांचा. शिक्षक या तिन्हींमध्ये सहज वावरतो. विद्यार्थ्यावर मात्र तिन्ही एकाच वेळी लादले गेले, म्हणजे तो गोंधळतो. गुऱ्हाळाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. आधी पाझरणारा गूळ आणि कणीदार गूळ मुलांना दाखवावा. मग साखरेच्या रेणूचे दोन भाग कसे होतात ते सांगावे. समीकरण अखेरीस फळ्यावर यावे.

याला जोडून एक साधा प्रयोग करता येईल. साखरेचे द्रावण दोन परीक्षानळ्यांत घ्यावे. एकीत सायट्रिक आम्लाचे काही कण टाकावेत. दोन्ही नळ्या उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून, आम्ल घातलेल्या नळीत थंड झाल्यावर खाण्याचा सोडा घालावा. दोन्हींत बेनेडिक्टचे द्रावण घालून पुन्हा तापविल्यास आम्ल घातलेल्या नळीत विटकरी रंग दिसेल; साध्या साखरेच्या नळीत निळा रंग कायम राहील. गुळव्या चुना का घालतो, याचे उत्तर मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी मिळते.

हा प्रयोग करतानाही हरित तत्त्व पाळता येते. बेनेडिक्टच्या द्रावणात तांबे असते. साठ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच मिलिलिटर द्रावण वापरले, तर ३०० मिलिलिटर द्रावण मोरीत जाईल. प्रत्येकी पाचच थेंब वापरले, तर वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून एकूण १५ मिलिलिटर पुरते. निष्कर्ष तोच, खर्च आणि टाकाऊ द्रव्य विसाव्या हिश्श्याचे. तेही मोरीत न ओतता बाटलीत साठवावे. कोल्हापुरात जयंती नाल्याचे पाणी पंचगंगेत जाते, हे ज्या विद्यार्थ्याला माहीत आहे, त्याला हा नियम निराळा पटवावा लागत नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

हंगामात जवळच्या गुऱ्हाळावर विद्यार्थ्यांची भेट घडवून आणणे शाळेस अवघड नाही. काहिलीपासून मुले सुरक्षित अंतरावर राहतील, एवढी दक्षता मात्र घ्यावी. गुळावरील संशोधनाचे केंद्र कोल्हापुरातच आहे. त्याचे मार्गदर्शन गुऱ्हाळमालकांपर्यंत नेण्यासाठी ग्रामपंचायतींना मेळावे घेता येतील. बांधावर भेंडीची लागवड करण्यास उत्तेजन देता येईल. सार्वजनिक कार्यक्रमांसाठी गूळ खरेदी करताना रंगाऐवजी शुद्धतेची कसोटी लावली, तर तांबूस गुळाला हक्काचे गिऱ्हाईक मिळेल.

पिवळ्या रंगाचा आग्रह ग्राहकाने सोडला, तर हायड्रॉसची गरजच उरत नाही. टाकाऊ व अपायकारक द्रव्य मुळातच टाळावे, हे हरित रसायनाचे पहिले तत्त्व होय. आणि त्याची अंमलबजावणी किराणा दुकानात गूळ निवडणाऱ्या हातापासून सुरू होते.