गर्भधारणेपूर्वीची पालेभाजी

गरोदर स्त्रीच्या आहाराविषयी आपल्याकडे पुष्कळ सांगितले जाते. डोहाळजेवणाच्या निमित्ताने तिच्या ताटाकडे साऱ्या घराचे लक्षही जाते. परंतु गर्भाच्या जडणघडणीचा एक महत्त्वाचा टप्पा त्याच्या कितीतरी आधी उलटून गेलेला असतो. मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून तयार होतात, ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचे स्त्रीच्या जेमतेम ध्यानात आलेले असते. आरोग्य केंद्रातील नावनोंदणी तर दूरच. या काळात फॉलिक आम्ल कमी पडल्यास बालकाच्या मेंदूत वा पाठीच्या कण्यात जन्मजात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. हे आम्ल हिरव्या पानांत विपुल असते. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून मिळवण्यात आले आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले.

मूल होण्यापूर्वीच्या आहाराविषयीचा एक मोठा प्रयोग मुंबईत झाला. २००६ पासून तेथील झोपडवस्त्यांतील साडेसहा हजारांवर स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून प्रसूतीपर्यंत नियमाने खाऊ देण्यात आला. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध होते. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा अशा त्या मानाने कमी सत्त्वाच्या भाज्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष विचार करण्याजोगे आहेत. सरसकट पाहता दोन्ही गटांतील बालकांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र गर्भधारणेपूर्वी निदान तीन महिने खाऊ घेणाऱ्या मातांची बालके सरासरी ४८ ग्रॅमनी अधिक वजनाची भरली. अतिशय कृश स्त्रियांना हा लाभ मिळाला नाही. ज्या घरी पुरेसे धान्यच नाही, तेथे केवळ भाजीचा उपदेश करून भागणार नाही, हे आपण अधिकाऱ्यांनीही ओळखले पाहिजे.

घरात आलेली भाजी पुष्कळदा चुलीपाशीच निःसत्त्व होते. फॉलिक आम्ल पाण्यात विरघळते व उष्णतेने नाश पावते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. उकडून पाणी पिळून टाकू नये. झाकण ठेवून थोडक्यात शिजवावी. वर लिंबू पिळल्यास भाजीतील लोह अधिक चांगले शोषले जाते. मेथी, माठ, पालक, चवळी यांपैकी हंगामात जे ताजे मिळेल ते घ्यावे. शेवग्याच्या शेंगा आपण आवडीने खातो, त्याचा पाला मात्र बहुधा झाडावरच राहतो.

पालेभाजी हे वंध्यत्वावरील औषध नव्हे. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास पतिपत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी. एकट्या सुनेला दोष देण्याची रीत अन्यायाची आहे. फॉलिक आम्लाच्या गोळीची जागाही भाजी घेऊ शकत नाही. रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेपूर्वीच वैद्यकीय सल्ल्याने सुरू करावी.

अजूनही अनेक घरांत सून सर्वांत शेवटी जेवते आणि तोपर्यंत भाजीचे पातेले रिकामे झालेले असते. तेव्हा ही माहिती सासू व नवरा यांच्यापर्यंतही गेली पाहिजे. आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत पात्र जोडप्यांची नावे असतातच. कुटुंबनियोजनाखेरीज त्या यादीचा फारसा उपयोग होत नाही. ज्यांना येत्या वर्षात मूल हवे आहे, अशी घरे तिच्या मदतीने ओळखून पंचायतीने शेवग्याची रोपे व मेथी-माठाचे बियाणे प्रथम तेथे पोहोचवावे.