मॉन्टेरेचं मत्स्यालय: पाहुण्यांना नेण्याआधी

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांत उन्हाळा आला की भारतातून कुणी ना कुणी येतंच. आईवडील, सासूसासरे, मावशी, भाचरं. गोल्डन गेट पुलावर तासभर उभं राहिलं तरी तो पाहून होतो. मॉन्टेरेच्या मत्स्यालयाचं तसं नाही. तिथे चार-पाच तास पायांवर काढायचे असतात, बरीचशी दालनं अंधारी, सुट्ट्यांत गर्दी. नीट आखलं नाही तर माणसं दमून बाहेर येतात आणि फोनवर गावाकडे एवढंच सांगतात, ‘मासे बघितले.’ वेगवेगळ्या वयाच्या पाहुण्यांना तिथे नेता नेता काही गोष्टी पक्क्या झाल्या, त्या इथे लिहिते.

1. तिथे काय आहे आणि काय नाही, हे घरीच सांगा.

आमच्या आईवडिलांच्या पिढीच्या मनात मत्स्यालय म्हणजे मुंबईचं तारापोरवाला. 1951 साली सुरू झालेलं, शाळेच्या सहलीत पाहिलेलं, एकेका काचेच्या पेटीत एकेक रंगीत मासा. मॉन्टेरेला ते चित्र घेऊन गेलं तर पहिला अर्धा तास बुचकळ्यात जातो. हे मत्स्यालय मुख्यत्वे स्वतःच्या दारातला समुद्र दाखवतं. आफ्रिकेचे पेंग्विन वगैरे आहेत, पण खरी जागा मॉन्टेरे उपसागराची. मॉस लँडिंग या बंदराच्या तोंडापासूनच समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी सुरू होते आणि साडेतीन किलोमीटरहून जास्त खोल जाते. किनाऱ्याच्या इतक्या जवळ इतकं खोल पाणी असल्यामुळे उथळातले आणि खोलातले, दोन्हीकडचे जीव इथे शेजारी नांदतात.

डॉल्फिनचे खेळ इथे होत नाहीत. ग्रेट व्हाइट शार्कही नाही. 2004 मध्ये तिची एक लहान मादी इथे 198 दिवस ठेवली होती, मग समुद्रात सोडली. त्यानंतर आणखी काही आणल्या, पण 2011 नंतर तो प्रयोग थांबला. भाचरांना हे गाडीत बसण्याआधी सांगावं. हॅमरहेड शार्क दिसू शकते असंही त्याच दमात सांगावं, म्हणजे तोंडं उतरत नाहीत.

2. स्वेटर घ्या. जूनमध्येसुद्धा.

सॅन होजेला कडक ऊन असताना मॉन्टेरेला दुपारी बारापर्यंत धुकं असतं. नागपूरहून आलेल्या माणसाला हे पटत नाही, म्हणून न विचारता गाडीत दोन शाली टाकायच्या. खरी छान हवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पण पाहुणे मे-जूनमध्ये येतात त्याला इलाज नाही.

3. रस्त्याचा हिशेब सकाळीच जुळवा.

सॅन होजेहून 101 ने खाली, गिलरॉयला लसणाचा वास घेत, पुढे 156 ने कॅस्ट्रोव्हिलला जाऊन 1 नंबरचा हायवे. शनिवार-रविवारी 156 वर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. म्हणून शक्यतो मधल्या वारी जायचं, आणि दार साधारण दहाला उघडतं त्याच्या अर्धा तास आधी पोचायचं. तिकिटं तारखेची, घरूनच काढलेली बरी. पार्किंगचे मजले जवळपास आहेत, पण तिथून थोडं चालावं लागतं. ज्येष्ठांना आधी दारात उतरवावं, मग गाडी लावायला जावं. तिकीट स्वस्त नाही. वर्षात दोनदा जाणं होणार असेल तर कुटुंबाच्या सभासदत्वाचा हिशेब एकदा करून पाहाच.

4. दिवसाचं वेळापत्रक दोनच गोष्टींभोवती बांधा.

हातात नकाशा आला की सगळं पाहायची घाई होते. ती मोडायला एक उपाय मला सापडला: केल्पच्या जंगलातली खाऊ घालण्याची वेळ आणि पाणमांजरांची वेळ, हे दोनच खिळे ठोकून घ्यायचे. बाकी सगळं त्यांच्या मधे, जमेल तसं. वेळा बदलतात, त्या त्या सकाळी पाहून घ्याव्यात.

केल्प म्हणजे समुद्रातलं प्रचंड शेवाळ. त्याचं हे जंगल 28 फूट उंच टाकीत आहे, जवळजवळ तीन मजले. वरून ती टाकी उघडी आहे, कारण केल्पला ऊन हवं. त्याला हलतं पाणीही हवं. जमिनीतलं झाड मुळांनी अन्न ओढून घेतं, केल्प मात्र पानांवरून वाहणाऱ्या पाण्यातूनच ते घेतं. पाणी थांबलं की उपासमार. हे जमेपर्यंत इतकं मोठं केल्प टाकीत कुणी वाढवलंच नव्हतं. ज्यांच्या कुटुंबाच्या पैशातून हे मत्स्यालय उभं राहिलं ते ह्यूलेट-पॅकार्डचे डेव्हिड पॅकार्ड, त्यांनी बिग सरच्या आपल्या लोहारखान्यात लाटा काढणारं यंत्र स्वतः तयार केलं. टाकीसमोर मिनिटभर स्थिर उभं राहिलं तर सगळं जंगल एकदम एका बाजूला झुकतं, थबकतं, परत येतं. त्याच्याबरोबर आतले मासेही पुढेमागे होतात आणि पाहता पाहता आपलाही तोल थोडा हलतो.

पाणबुड्या खाली उतरतो तेव्हा मुखवट्यातल्या माइकवरून बोलतो, प्रश्नांना उत्तरं देतो. पाठीमागून ठिपक्यांची लेपर्ड शार्क, म्हणजे आपल्या मुशीच्या गोतातलीच, हाताजवळ येऊन घुटमळते. या कार्यक्रमाच्या पंधरा मिनिटं आधी जागा धरावी, मुलांना पुढे जमिनीवर बसवावं.

एक गोष्ट पाहुण्यांना मी आवर्जून सांगते. टाक्यांमधलं पाणी समोरच्या उपसागरातूनच पंपाने येतं. दिवसा ते गाळलेलं असतं, माणसांना स्वच्छ दिसावं म्हणून. रात्री मात्र न गाळता सोडतात, आणि त्याबरोबर सूक्ष्म अंडी, पिल्लं, बीजं आत येतात. खडकांवर चिकटलेले कितीतरी जीव कुणी आणून ठेवलेले नाहीत, ते असे आपापले आलेत. हे ऐकल्यावर माणसं नुसते मोठे मासे शोधायचं सोडून खडकाकडे निरखून बघू लागतात.

5. पाणमांजरं आत पाहा, मग लगेच मागच्या गच्चीवर जा.

हा क्रम महत्त्वाचा. आतली पाणमांजरं समुद्रातून वाचवलेली आहेत, पण पुन्हा सोडता न येण्यासारखी. त्यातल्या माद्या अनाथ पिल्लांच्या पालक आया होतात. पिल्लांना हाताळणारी माणसं अंगावर काळा झगा आणि तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवतात, पिल्लाला माणसाची ओढ लागू नये म्हणून. अशा आयांकडे वाढलेली पिल्लं जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाजणात सोडली गेली. तिथल्या पाणमांजरांच्या वाढीतला निम्म्याहून जास्त वाटा या पिल्लांचा आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा आहे, असं संशोधकांनी मांडलं आहे. मला या सगळ्या मत्स्यालयात याहून मोलाचं काही वाटत नाही.

कातड्यासाठी या प्राण्याची इतकी शिकार झाली की कॅलिफोर्नियातून तो संपलाच असं धरलं होतं. 1938 मध्ये बिग सरजवळ 50 च्या आसपास पाणमांजरं दिसली. आज त्यांचा आकडा 3,000 च्या घरात आहे, सगळी त्या मूठभरांची वंशज. त्यांच्या अंगात चरबीचा थर नसतो. थंड पाण्यात ऊब राहते ती दाट लोकरीमुळे आणि सतत खाण्यामुळे. रोज स्वतःच्या वजनाच्या पाव भागाइतकं खातात. केल्प कुरतडणारे काटेरी अर्चिन त्यांच्या आवडीचे, म्हणून पाणमांजर आहे तिथे केल्पही टिकतं.

हे डोक्यात ताजं असताना गच्चीवर जायचं. खाली खरा समुद्र, त्यात तरंगणारं खरं केल्प. दुर्बीण असेल तर आणावी. एकदा आईने माझा हात धरून गप्प केलं. टक टक टक असा आवाज येत होता. लाटांमध्ये उताणं पडलेलं एक पाणमांजर छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटत होतं. फुटला, खाल्ला, मग एक गिरकी घेऊन त्याने अंगावरचे तुकडे पाण्यात झटकले. आई म्हणाली, “ताट धुऊन ठेवलं बघ.”

6. जेवण बाहेर, आणि आपलं.

आतलं उपाहारगृह चांगलं आहे, पण दुपारी साडेबाराला रांग लागते आणि शाकाहारी माणसाला पर्याय थोडे. हातावर शिक्का घेऊन बाहेर पडता येतं आणि त्याच दिवशी परत आत जाता येतं. जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या पायवाटेने थोडं चाललं की सॅन कार्लोस बीचजवळ हिरवळ लागते. धपाटे, दही, लसणाची चटणी. पलीकडच्या धक्क्यावर सी-लायन भुंकत असतात, मुलांची करमणूक फुकट. फक्त सीगलपासून ताट सांभाळा. हातातला घास उचलून नेतात.

7. दुपारी बसायचं.

जेवणानंतर पाय बोलू लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी दाराशी चाकाची खुर्ची मागून घ्यावी, संकोच करू नये. आमच्याकडची वडीलधारी माणसं आधी ‘नको गं, चालतो मी’ म्हणतात. खुर्ची रिकामी ढकलत न्यावी, तासाभरात तीच बसतात.

मग ‘ओपन सी’ दालनाच्या अवाढव्य खिडकीसमोर जायचं. तिथे लोक सरळ जमिनीवर बसतात. ट्यूना, कासवं, शार्क, सार्डिनचा थवा, सगळं निळ्यातून येतं आणि निळ्यात जातं. इथे अर्धा तास काढा. मुलांना तेवढ्या वेळात पाकटाला हात लावायला न्यावं. दोन बोटांनी, हलकेच, पाठीवर. गुळगुळीत, बुळबुळीत लागतं, आणि हात लावलेलं प्रत्येक मूल किंचाळतं.

8. मासे खाणाऱ्या माणसाला कॅनरी रोची गोष्ट सांगा.

माझे वडील रत्नागिरीचे. सार्डिनचा थवा दिसल्याबरोबर ते म्हणाले, “ही तारलीच की.” त्यांच्यासाठी मत्स्यालयाचं खरं दालन प्रवेशद्वाराजवळ निघालं, जिथे जुने बॉयलर जपून ठेवलेत. ही इमारत सार्डिन डब्यात भरणाऱ्या हॉव्हडेन कारखान्याच्या जागेवर उभी आहे. एके काळी कॅनरी रो या रस्त्यावर रांगेने असे कारखाने होते. जॉन स्टाइनबेकची ‘कॅनरी रो’ कादंबरी 1945 मध्ये आली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सार्डिन जवळजवळ दिसेनासे झाले. बेसुमार मासेमारी आणि समुद्राच्या तापमानातले चढउतार, दोन्ही मिळून. हॉव्हडेनही 1973 मध्ये बंद पडला. मत्स्यालय उघडलं ते 1984 च्या ऑक्टोबरमध्ये.

वडिलांनी विचारलं, “बंदी नव्हती? आपल्याकडे पावसाळ्यात असते तशी?” मग रत्नागिरीचा धक्का, बारीक आसांची जाळी, एलईडी दिव्यांची मासेमारी, असं बरंच बोलणं झालं. त्या दिवशी त्यांनी टाक्या कमी पाहिल्या, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. कोकणातल्या माणसाला इथे नेलं तर या बॉयलरपाशी वेळ राखून ठेवा.

9. खोल समुद्राचं दालन शेवटी, मोबाइल खिशात ठेवून.

2022 मध्ये सुरू झालेल्या या दालनातले जीव शेजारच्या संशोधन संस्थेच्या मदतीने खोलातून आणलेले आहेत. तिथल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून टाक्यांतल्या पाण्यातूनही तो मुद्दाम काढून टाकतात. गडद लाल पोटाची कोम्ब जेली पाहाच. खोलात लाल रंग दिसत नाही, त्यामुळे तिने गिळलेला जीव चमकला तरी बाहेर उजेड फुटत नाही. फोटो काढायला गेलं तर काळा पडदा येतो, आणि फ्लॅश मारू नये हे सांगायला नको.

10. पाहुणे परत गेल्यावर.

मत्स्यालयाचे कॅमेरे दिवसभर थेट चित्र दाखवतात: पाणमांजरं, जेलीफिश, केल्पचं जंगल. आईला चिपळूणला ते लावून दिलं आहे. उन्हाळ्यात आपल्याकडची वेळ साडेबारा तास पुढे असते, म्हणजे तिथे सकाळचे साडेसात वाजले की तिच्याकडे रात्रीचे आठ. हिवाळ्यात घड्याळ बदललं की नऊ. तेवढं तिच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.