विटेने जमीन वर आली!

गुडघे ताठ ठेवून पुढे वाका. बोटे अधांतरीच राहिली? आता गुडघे किंचित वाकवा. हात खाली गेले ना! म्हणजे अडथळा मुख्यतः मांडीच्या मागच्या स्नायूंचा होता. हे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली पोचतात. गुडघा ताठ असला की ते ताणले जातात आणि कटीच्या हाडांना पुढे कलू देत नाहीत. तरीही जमीन गाठायचीच म्हटले की आपण कंबरेतून पाठीची कमान करतो व मणक्यांमधील चकत्या पुढच्या बाजूने दाबल्या जातात. शाळेच्या कवायतीत अंगठे धरण्याची जी घाई चालते ती मला म्हणूनच पसंत नाही.

बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) १९३७ मध्ये योग शिकवायला पुण्यात आले. वाकता येत नसेल तर हाताखाली वीट ठेवा, पाय हाती येत नसेल तर पट्टा अडकवा, ही त्यांची रीत. खुर्ची, दोर, घोंगडीसुद्धा त्यांनी कामाला लावली.

देवळाली प्रवऱ्यात विटेला काय तोटा? आडवी, कडेवर, उभी अशा तिच्या तीन उंची मिळतात. (उभी वीट कलंडते, सांभाळा.) दोन्ही हातांखाली विटा ठेवून वाका आणि मित्राला पाठीवर सरळ काठी धरायला सांगा. काठी डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाडाच्या वरची जागा अशी तिन्ही ठिकाणी टेकली पाहिजे. एखादी जागा सुटली तर विटेची उंची वाढवा. कळ आली तर मात्र तेथेच थांबा.