अडलेले पान

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात नववीतील एक मुलगी पडद्याकडे पाहत गप्प बसली होती. एरवी ती फार बोलकी. मी जवळ गेले. पडद्यावर एकच वाक्य होते : 'हे पान पाहण्यास परवानगी नाही.'

तिने हळूच माझ्या कानात सांगितले, "टीचर, अम्मीला स्तनाचा कर्करोग झाला आहे. मी त्याचीच माहिती शोधत होते."

मुलांनी नको ती चित्रे पाहू नयेत, म्हणून शाळेच्या संगणकांत एक गाळणी बसवली आहे. तिने पानाच्या पत्त्यात त्या अवयवाचे इंग्रजी नाव पाहिले आणि पान अडवले. गाळणी शब्द पाहते, अर्थ पाहत नाही. १९९६ साली इंग्लंडमधील स्कंथॉर्प गावच्या लोकांना एओएल या कंपनीकडे नाव नोंदवता येईना. का? तर गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक शिवी लपली होती! बिचाऱ्या गावकऱ्यांचा त्यात काय दोष?

शेजारचा मुलगा म्हणाला, "टीचर, मला युक्ती माहीत आहे. दोन मिनिटांत उघडतो." खरे सांगते, क्षणभर मलाही वाटले, उघडू दे.

त्याची युक्ती समजण्यासाठी आधी पान कोठे अडते ते पाहू. तुम्ही संकेतस्थळाचे नाव लिहिता. पण यंत्रांना नाव नव्हे, क्रमांक लागतो. नावावरून क्रमांक सांगणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. ती टेलिफोनच्या डिरेक्टरीसारखी असते. मग तुमची मागणी इंटरनेट कंपनीच्या यंत्रांतून दूरच्या संगणकाकडे जाते. या वाटेवर शाळा अडवू शकते, कंपनी अडवू शकते. सरकारही कंपनीला तसा आदेश देते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ प्रमाणे सरकारला हा अधिकार आहे. कधी कधी तर बंदी नसतेच! मोबाइलमधील तारीख चुकलेली असते, म्हणून पान उघडत नाही. तेव्हा आधी तारीख पाहा.

मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानच्या सरकारने ट्विटर बंद केले. तेथील कंपन्यांच्या डिरेक्टरीतून जणू ते नावच खोडले. लोक हुशार! त्यांनी गूगलच्या डीएनएसचा ८.८.८.८ हा क्रमांक भिंतींवर रंगवला. दुसऱ्या डिरेक्टरीत पत्ता विचारला, की दार उघडे. पण थोड्याच दिवसांत सरकारने तीही वाट अडवली. शेवटी २ एप्रिल रोजी तेथील घटनात्मक न्यायालयाने सांगितले, की ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. दुसऱ्याच दिवशी ट्विटर सर्वांसाठी खुले झाले. विकिपीडियाला मात्र तेथे फार थांबावे लागले. एप्रिल २०१७ मध्ये बंद झालेला तो ज्ञानकोश न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी २०२० मध्ये उघडला.

आता त्या मुलाची युक्ती. तो एका तिसऱ्याच संगणकाला पान आणायला सांगणार होता. याला प्रॉक्सी म्हणतात. व्हीपीएनही असेच काम करते. शाळेला किंवा कंपनीला तुम्ही काय पाहता ते कळत नाही. पण मधल्या माणसाला तुम्ही कोठे जाता ते कळते. काही फुकट प्रॉक्सींवर तर तुम्ही लिहिलेला पासवर्डही त्याला वाचता येतो. अनोळखी माणसाच्या हाती पत्र द्यावे, तसेच हे. तो पाकीट फोडणार नाही कशावरून?

मी त्याला विचारले, "हे ॲप कोणी तयार केले?" त्याला माहीत नव्हते. अब्बांच्या मोबाइलमध्येही त्याने ते टाकले होते. ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, याने 'हो' म्हटले. बँकेचा ओटीपी त्याच मोबाइलवर येतो, हे आठवताच त्याचा चेहरा उतरला. घरी जाऊन त्याने पहिल्यांदा ते ॲप काढून टाकले.

मुलीला मी अर्ज लिहायला सांगितले. 'अर्ज' हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूत आणि मराठीत तो एकच आहे. तिने चार ओळी लिहिल्या : पानाचा पत्ता, 'आरोग्यविषयक माहिती हवी आहे' हे कारण आणि तेवढे एकच पान खुले करण्याची विनंती. अम्मीचे नाव लिहिण्याची गरज नव्हती. मुख्याध्यापकांनी सही केली. संगणकाच्या सरांनी तो पत्ता परवानगीच्या यादीत घातला. याला दोन मिनिटे नव्हे, पूर्ण एक दिवस लागला. तो दिवस तिला किती मोठा वाटला असेल!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पान उघडले. ती वही घेऊन बसली. मराठीत वाचायचे आणि अम्मीसाठी उर्दूत उतरवायचे, असे चालले होते. एका शब्दापाशी लेखणी थांबली.

"टीचर, निदान म्हणजे तशखीस ना?"

"हो," मी म्हटले. ती पुन्हा लिहू लागली.

स्वाध्याय

१. गाळणीने मुलीचे पान का अडवले?
२. अब्बांच्या मोबाइलला कोणता धोका होता?
३. तुम्हाला हवे असलेले एक पान शाळेत उघडत नाही. ते खुले करण्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज लिहा.